स्कॉटलंड्सपीपल: काल्पनिक क्लॅनची वंशावळ पारखायला कितपत उपयोगी?

ऐतिहासिक कादंबरीसाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड भागातलं एखादं क्लॅन, म्हणजे एका प्रमुखाखालचं घराणं, रचणं सोपं असतं. चार पिढ्या, प्रत्येकीत एक अँगस आणि एक फ्लोरा, एक मुलगा कलोडनच्या लढाईत १७४६ मध्ये पडलेला, की वंशावळ तयार. ती त्या काळात टिकली असती का, हे पाहायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्याची ‘स्कॉटलंड्सपीपल’ ही वेबसाइट कामी येते. मात्र तिच्याकडे नावं गोळा करायला जाऊ नये, चुका पकडायला जावं.

खातं उघडणं आणि बहुतेक सूची धुंडाळणं फुकट आहे. मूळ पान पाहायला क्रेडिट लागतात. ३० क्रेडिटांना साडेसात पाउंड पडतात आणि जन्म, विवाह, मृत्यू किंवा खानेसुमारीच्या एका पानाला ६ क्रेडिट जातात. म्हणजे पाच पानांत पहिला हप्ता संपला. म्हणून आधी सूचीतच पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग), साल आणि आईबापांची नावं लावून यादी आखूड करावी. ‘मॅक’ कधी पूर्ण लिहिलेलं, कधी नुसतं ‘एमसी’ असं असतं, त्यामुळे अक्षरांच्या जागी तारांकन टाकून शोधणं बरं. कादंबरीतला इआन, म्हणजे जॉनचंच गेलिक रूप, वहीत बहुधा ‘जॉन’ म्हणूनच सापडेल.

सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि ते पहिलं वर्ष म्हणजे घबाड आहे. जन्मनोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्नाची तारीख आणि ठिकाण, आधीची मुलं, सगळं. कारकुनांना हे झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने छाटले. वंशजाला पूर्वजांचा माग लावायचा असं कथानक असेल, तर एखादं पात्र खुशाल १८५५ मध्ये जन्माला घालावं! आजच्या काळाजवळ मात्र अडतं. १०० वर्षांच्या आतले जन्म, ७५ वर्षांच्या आतले विवाह आणि ५० वर्षांच्या आतले मृत्यू यांची पानं ऑनलाइन दिसत नाहीत.

१८५५ च्या मागे चर्चच्या पॅरिश वह्या आहेत. सगळ्यात जुनी पर्थशरमधल्या एरलची, १५५३ पासूनची. हायलँडच्या बऱ्याच पॅरिशांच्या वह्या मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू होतात, म्हणजे जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्यासाठी लढणाऱ्यांच्या) कादंबरीला ज्या पिढ्या हव्यात नेमक्या त्याच गायब. आहेत त्या वह्यांतही बाप्तिस्म्याची तारीख असते, जन्माची असेलच असं नाही. विवाहाच्या जागी अनेकदा फक्त लग्न ठरल्याची चर्चमधली जाहीर घोषणा असते. १७८३ ते १७९४ दरम्यान प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, त्यामुळे गरिबांनी नोंदच टाळली. या दशकातलं मूल सापडलं नाही म्हणून ते नव्हतंच असं धरू नये. कॅथलिक घराण्यांच्या वह्या वेगळ्या आहेत, त्या विभागात स्वतंत्र शोध घ्यावा लागतो.

काल्पनिक वंशावळी सगळ्यात जास्त घसरतात त्या आडनावांवर. क्लॅनमधले सगळे रक्ताचे नसत. प्रमुखाच्या आश्रयाला आलेली कुळंही त्याचं आडनाव लावत. मॅकग्रेगर नावावर १६०३ मध्ये बंदी आली, ती मधला काही काळ सोडता १७७४ पर्यंत टिकली. १७४० च्या दशकात कागदोपत्री उघडपणे ‘मॅकग्रेगर’ अशी सही करणारा नायक म्हणूनच खटकतो. त्याच क्लॅनचा प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय खुद्द आईचं कँपबेल हे आडनाव वापरत असे. बायकांचं माहेरचं आडनाव लग्नानंतरही नोंदींत टिकतं, तेव्हा सून आल्याबरोबर तिचं आडनाव पुसून टाकू नये. तारखांचाही घोळ आहे: स्कॉटलंडमध्ये १६०० पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होई, इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत २५ मार्चला. लंडनहून १० फेब्रुवारी १७४५ ला निघालेलं पत्र स्कॉटलंडच्या हिशेबाने १७४६ चं.

क्लॅनप्रमुखाच्या शाखेसाठी ही साइट तोकडी पडते. वारसा आणि जमीन कळायची तर सनदा आणि १६१७ पासूनच्या सासीन (जमिनीच्या हस्तांतरणाच्या) नोंदवह्या पाहाव्या लागतात. इथे त्या घराण्याचं जे मिळेल ते मृत्युपत्रांत आणि १६७२ पासूनच्या कुलचिन्हांच्या नोंदवहीत.

पैसे भरण्याआधी किर्क सेशनची, म्हणजे गावच्या चर्चपंचायतीची इतिवृत्तं उघडावीत. ती पडद्यावर फुकट वाचता येतात, उतरवून घ्यायचं तेवढं क्रेडिट लागतं. अनौरस मुलाचा बाप कोण, कोण कुणाशी गुपचूप लग्न करून बसलं, रविवारी काम केल्याबद्दल कुणाला बोलावलं, हे सगळं तिथे आहे. बहुतेक इतिवृत्तांना नावांची सूची नाही, पानं एकेक करून चाळावी लागतात. सतराव्या शतकातलं अक्षर वाचायलाही मोडीसारखाच सराव लागतो.

मुंबईला कंपनीच्या चाकरीत गेलेला धाकटा भाऊ कथेत असेल, तर त्याचं मृत्युपत्र एडिनबरा कमिसरी कोर्टाच्या, म्हणजे मृत्युपत्रं पाहणाऱ्या न्यायालयाच्या, नोंदींत शोधावं. परदेशी वारलेल्या स्कॉट माणसाची स्कॉटलंडमधली जंगम मालमत्ता त्याच कोर्टाच्या अखत्यारीत येई. सूची फुकट आहे.