चोवीस स्ट्रॉबेरी आणि एक तुती: गच्चीवरचे आठ महिने

दसऱ्याच्या आठवड्यात लावलेल्या चोवीस रोपांपैकी आज, जूनच्या मध्यावर, पाच जिवंत आहेत. पुन्हा लावणार का, असं बायकोने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हो, पण बाराच." हा अनुभव त्या ‘हो’ आणि ‘पण’चा आहे.

जागा म्हणजे पुण्यात, सिंहगड रोडला, आमच्या इमारतीच्या गच्चीचा पूर्वेकडचा कोपरा. सकाळचं ऊन भरपूर, दुपारी तीननंतर टाकीची सावली. कामाला नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि देखरेखीला आई.

सुरुवात फसण्यापासून झाली. गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन १०० बियांचं पाकीट मागवलं होतं. पाकिटावर निळ्या स्ट्रॉबेरीचा फोटो होता, तेव्हाच डोकं चालायला हवं होतं. उगवलं ते कसलंसं गवत. मुलाने त्याला महिनाभर इमानेइतबारे पाणी घातलं. बी खरं निघालं असतं तरी त्यापासून रोप यायला फार वेळ लागतो आणि फळ मूळ जातीसारखं येईलच असंही नाही. शेतकरी स्ट्रॉबेरी लावतात ती रनरपासून, म्हणजे वेलीसारख्या धुमाऱ्याच्या टोकाला फुटलेल्या रोपापासून.

हे आम्हाला कळलं पाचगणीजवळच्या भिलारला. नवरात्रात पोरांना पुस्तकांचं गाव दाखवायला गेलो होतो. पोरं एका घरात कॉमिक्स घेऊन बसली आणि मी बाहेर लागवड बघत उभा राहिलो. तिकडे परदेशातून आणलेल्या मातृरोपांपासून पावसाळ्यात नवी रोपं तयार करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच सपाट वाफ्यावर, प्लॅस्टिकच्या मल्चिंग पेपरला भोकं पाडून लावतात. खाली ठिबक. मार्च-एप्रिलपर्यंत फळ घेतात आणि पीक काढून टाकतात. परतताना वाटेतल्या नर्सरीतून विंटर डॉन जातीची चोवीस रोपं घेतली, २० रुपयाला एक.

बारा इंची ग्रो बॅग, एकीत दोन रोपं. भरायला लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळ खत आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन घ्या. त्यात क्षार असतात आणि या झाडाला क्षार अजिबात सोसत नाहीत. मार्चमध्ये आमच्याकडे आठ दिवस बोअरचं पाणी होतं, तेवढ्यात पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी झाल्या. लावताना मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. मुलाने हौसेने ‘घट्ट’ बसवलेली तीन रोपं आठवड्यात कुजली.

नोव्हेंबरात पहिली फुलं आली आणि मी ती खुडली. रोप आधी अंग धरू दे, असा त्यामागचा विचार. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या फुलांना मात्र तिनेच रंगाच्या मऊ ब्रशने रोज सकाळी गोंजारलं, कारण आमच्या गच्चीवर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. परागीभवन नीट झालं नाही तर फळ एका बाजूने खुरटतं. ती सहलीला गेली त्या आठवड्यातली फळं वाकड्या नाकाची निघाली.

पहिलं फळ नाताळच्या सुट्टीत पिकलं. एकच. त्याचे चार भाग करायचे की पाच, यावर सभा भरली. शेवटी आई म्हणाली, "मला नको, मला आंबट चालत नाही," आणि चार झाले. पण ते आंबट नव्हतं! देठापर्यंत लाल होईस्तोवर थांबलं की काय चव लागते ते त्या दिवशी कळलं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, नुसती मऊ होते. बाजारात येणारी लांबच्या प्रवासासाठी जरा आधी तोडलेली असते. या एका बाबतीत गच्चीवरच्या फळाला तोड नाही.

हे बुलबुलांनाही ठाऊक असतं. सकाळी बघावं तर सगळ्यात लाल फळाला नेमका एक खड्डा. मुलीने कुठेतरी वाचलं होतं म्हणून पोरांनी नदीतले गोटे लाल रंगवून बॅगांमध्ये ठेवले. एक बुलबुल आला, त्याने गोट्यावर दोनदा चोच आपटली, मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि शेजारचं खरं फळ उचलून उडाला. मग ३८० रुपयांची जाळी आणली.

हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आहे. डिसेंबर ते मार्च मिळून १८३ फळं, साधारण दीड किलो. खर्च रोपं, बॅगा, माती-खत, जाळी धरून २,४०० रुपये. आई म्हणाली, "सोळाशे रुपये किलो. तेवढ्यात भिलारला राहून पोटभर खाऊन आलो असतो." मला यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

मार्चमध्ये ऊन वाढलं तशी फळं बोराएवढी झाली, पानांखाली लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड आली. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, वरून हिरवी शेडनेट, सगळं केलं. रोपं तगली, फळ थांबलं. थंडी आणि लहान दिवस असले तरच ही जात नीट फुलते, मग पुण्याच्या एप्रिलने काय करावं? मे महिन्यात निम्मी गेली, पहिल्या मोठ्या पावसात आणखी काही कुजली.

आता तुती. तिच्याबद्दल लिहायचं असं ठरलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकांनी छाटणीतली एक कांडी दिली होती, ती रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत खोचली. खर्च शून्य. जानेवारीत काकांच्या सांगण्यावरून फांद्या छाटल्या, उरलेली सगळी पानं ओरबाडून काढली. झाड भुंडं झालं, बायकोला वाटलं मी ते मारलं. तीन आठवड्यांत नव्या फुटीबरोबर प्रत्येक पेराला हिरवी लोकरी फळं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज संध्याकाळी पोरं आणि मजल्यावरची आणखी चार टाळकी बादलीभोवती. याचा हिशेब कालनिर्णयवर नाही, कारण एकही फळ घरात आलं नाही. गणवेशाच्या शर्टांवर मात्र आलं. ते जांभळे डाग तसेच आहेत.

स्वयंपाकघरात स्ट्रॉबेरी आली ती बाजारातून, फेब्रुवारीअखेर भाव उतरल्यावर. आमच्या दीड किलोतून जॅम करायचा म्हणजे तोंडातला घास काढण्यासारखं होतं. पहिला जॅम मी केला आणि त्याची चिक्की झाली. पातेल्यात पातळ दिसतो म्हणून ढवळत राहिलो, गार झाल्यावर चमचा उभा राहिला. दुसऱ्या वेळी आईने सूत्रं घेतली. अर्धा किलो फळं, ३०० ग्रॅम साखर, रात्रभर झाकून. सकाळी सुटलेल्या रसासकट मंद आचेवर, शेवटी एका लिंबाचा रस. या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा घटक, कमी असतं, लिंबामुळे ते धरायला मदत होते. तिने पेक्टिनचं नाव काढलं नाही. मुलाला फ्रीजरमधली स्टीलची ताटली आणायला लावली, तीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढायला सांगितली. रेघ मिटली नाही की गॅस बंद. ते काम त्याला इतकं आवडलं की नंतर आमटीचीही रेघ ओढून झाली.

पाडव्याच्या श्रीखंडात ताजी स्ट्रॉबेरी तशीच चिरून घातली, ही माझी चूक. तासाभरात फळाला पाणी सुटून चक्क्याचा मठ्ठा झाला. आधी थोडी साखर घालून आटवून, पूर्ण गार करून मग कालवावी.

याच दिवसांत मुलगी पुस्तक घेऊन आली: वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात स्ट्रॉबेरी बेरी नाही, तुतीही नाही, पण टोमॅटो आणि वांगं बेरी आहे. स्ट्रॉबेरीवरचे बारीक दाणे हीच तिची खरी फळं, लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला तळ. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आज भरली बेरी करू का? चार छान काटेरी मिळाल्यात."

ऑक्टोबरात रोपं बाराच आणणार, पण जाळी पहिल्या दिवसापासून लावणार आणि बोअरचं पाणी आलं की पावसाचं साठवलेलं वापरणार. उरलेल्या सहा बॅगांचं काय करायचं, हा प्रश्न मुलीने परस्पर सोडवला. पाऊस सुरू झाल्या झाल्या तिने तुतीच्या नऊ कांड्या त्यांत खोचल्या. सहा फुटल्यात. दोन तळमजल्यावरच्या काकूंनी आधीच मागून ठेवल्यात, आणि मुलाने एकीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली आहे, उलट्या अक्षरांत.