उबुंटूचा डीपीकेजी: स्क्रिप्ट फेल झाल्यावर कितपत भरवशाचा?

महापे, रबाळे, वागळे इस्टेट इथल्या छोट्या ऑफिसांत नेटवर्कपासून प्रिंटरपर्यंत सगळं बरेचदा एकाच माणसाच्या अंगावर असतं. म्हणून सर्व्हरला उबुंटू हे लिनक्स घ्यायचं की आरपीएम या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमवाली लिनक्स सिस्टिम, हे ठरवताना इन्स्टॉल अर्ध्यात अडकलं तर काय होतं तेही बघावं. या कसोटीवर डीपीकेजीला, म्हणजे उबुंटूत पॅकेजं (प्रोग्रॅमच्या फाइलींचे तयार गठ्ठे) बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, आमचे ५ पैकी ४ गुण.

पॅकेजची पोस्टइन्स्ट (फाइली बसल्यावर चालणारी) स्क्रिप्ट यशाच्या शून्याऐवजी दुसरा कोड देऊन थांबली, की डीपीकेजी ते पॅकेज अर्धवट कॉन्फिगर म्हणून नोंदवतो. फाइली जागेवर आलेल्या असतात, पण डीपीकेजी -एलच्या यादीत 'आयएफ' ही अर्धवट कॉन्फिगरची खूण दिसते. त्यावर अवलंबून असलेली पॅकेजंही अडकतात आणि ॲप्टने (डीपीकेजीला कामाला लावणाऱ्या कमांडने) केलेलं पुढचं प्रत्येक इन्स्टॉल तीच एरर दाखवतं. पुष्कळांना याचा वैताग येतो. आमच्या मते हाच त्याचा मोठा गुण, कारण काम अपुरं राहिलंय हे तो विसरू देत नाही. आरपीएममध्ये प्री (बसवण्याआधीची) स्क्रिप्ट फेल झाली तर पॅकेज बसत नाही, पण पोस्ट (बसवल्यानंतरची) फेल झाली तर नुसती वॉर्निंग येते आणि पॅकेज बसलं असं धरलं जातं. रात्री आपोआप होणाऱ्या अपडेटमध्ये ती वॉर्निंग लॉगमध्येच पडून राहते.

एक गुण कापला तो मेसेजसाठी. 'एरर एक्झिट स्टेटस १' या ओळीतून काहीच कळत नाही. खरं कारण तिच्या बरंच वर छापलेलं असतं. स्क्रीनवरून निघून गेलं असेल तर /व्हार/लॉग/ॲप्ट/टर्म.लॉग उघडा.

नेहमीची कारणं ठरलेली आहेत. /बूट (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींची जागा) भरल्यामुळे नव्या कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, इनिटरॅमएफएस ही सुरू होताना लागणारी फाइल लिहिता येत नाही. मोकळी जागा दाखवणाऱ्या डीएफ -एचने खात्री करा आणि चालू कर्नल सोडून जुने काढा. किंवा सर्व्हिसला हवा तो पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रॅमने धरलेला असतो. बाहेरच्या कंपन्यांच्या पॅकेजमध्ये आणखी एक खोट सापडते: युजर आधीच आहे का हे न बघता युजरॲड ही नवा युजर बनवणारी कमांड चालवतात. दुसऱ्या वेळी ती ९ कोड देते आणि सेट -ई (चूक झाली की थांब) असलेली स्क्रिप्ट तिथेच थांबते.

कारण दूर केलं की अडकलेली पॅकेजं पूर्ण करायला डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा. नेमकी ओळ सापडत नसेल तर /व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फोमधल्या त्या पॅकेजच्या पोस्टइन्स्टमध्ये दुसऱ्या ओळीवर सेट -एक्स (चालणारी प्रत्येक कमांड छापणारं) घाला, पुन्हा चालवा, मग काढून टाका. स्क्रिप्टमध्ये वरच एक्झिट ० (सगळं ठीक म्हणून संपव) लिहिण्याचा उपाय मात्र अजिबात करू नका. पॅकेज ठीक दिसतं, पण युजर, परवानग्या, सर्व्हिस यांतलं काही झालेलंच नसतं.

अपग्रेडमध्ये जुन्या पॅकेजची प्रीआरएम (काढण्याआधी चालणारी स्क्रिप्ट) फेल झाली तर डीपीकेजी नव्या पॅकेजची प्रीआरएम चालवून बघतो, ही सोय फार चांगली आहे. पॅकेज काढताना मात्र ती मिळत नाही; तिथे स्क्रिप्ट हातानेच दुरुस्त करावी लागते.

ठाण्यात बसून रबाळ्याच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरून लॉगिन करून) अपडेट लावणार असाल, तर आधी टीमक्स हा सर्व्हरवरच सेशन चालू ठेवणारा प्रोग्रॅम सुरू करा, म्हणजे लाइन तुटली तरी स्क्रिप्ट मध्येच मरणार नाही. काम झालं की डीपीकेजी --ऑडिट चालवा. काहीही छापलं गेलं नाही, तर एकही पॅकेज अर्धवट राहिलेलं नाही.