भीमाशंकर: दर्शन तासाभरात, पण जंगलाला दिवस द्या

दिवाळीनंतर आईला घेऊन भीमाशंकरला जाऊन आलो, मुद्दाम मंगळवार धरला कारण श्रावणी सोमवार नि महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पुण्याहून मंचर, घोडेगाव, डिंभे असा रस्ता, डिंभे धरणाच्या पुढे वळणं सुरू होतात, उलटी होणाऱ्यांनी नाश्ता नंतरच करा.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनो, इथे डोंगरावर येऊन परत खाली उतरायचंय बरं का. पार्किंगपासून दोनशेच्या वर पायऱ्या, जाताना सगळे खुशीत हर हर महादेव, येताना कुणी बोलत नाही. आई तीनदा बसली, दोनदा लिंबू सरबत झालं.

देऊळ काळ्या दगडाचं, गाभाऱ्यात जेमतेम मिनिटभर मिळतं. बाहेर आल्यावर लगेच पळू नका, शनीच्या देवळापाशी मोठी पोर्तुगीज घंटा आहे ती बघा, १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली, तिच्यावर १७२९ साल आहे. लोक तिच्याच खाली उभं राहून सेल्फी काढतात पण वर बघत नाहीत 😄

आणि आता मेन गोष्ट, शेकरू! आपला राज्यप्राणी, याच्यासाठीच १९८५ ला इथे अभयारण्य झालं. आम्ही गुप्त भीमाशंकरच्या वाटेला थोडंच आत गेलो, अर्धा तास माना वर करून काही नाही, आई म्हणाली चल आता, आणि तेवढ्यात डोक्यावर कचकच आवाज, बघतो तर फांदीवर आडवा पडून फळ कुरतडतोय, तांबूस पाठ, फिकट पोट, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. आई म्हणते "ही खार? अगं बाई, मांजराएवढी आहे की!" तो जमिनीवर क्वचितच येतो, एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो, म्हणून सलग झाडी लागते त्याला. हे एकदा बघितलं की वाटेवरच्या वेफर्सच्या रिकाम्या पाकिटांचा जास्तच राग येतो.

एक स्टार कापला तो त्या कचऱ्यासाठी आणि एका हॉटेलातल्या गार पिठल्यासाठी, भाकरी मात्र गरम होती. माकडं प्रसादाची पिशवी हातातून ओढतात, पिशवी बॅगेतच ठेवा. रेंज धड नाही, कॅश न्या.

शेकरूच्या फोटोत फक्त शेपूट आलंय, आईने तरी तोच डीपी ठेवलाय.