जुना अँड्रॉइड आणि लिनक्सचा डेस्कटॉप: एमटीपी, केडीई कनेक्ट की एडीबी?

जुन्या फोनमधले फोटो, फाइली लिनक्सच्या कॉम्प्युटरवर कशा काढायच्या, ते बघू. कीपॅडवाल्या फोनचं आधी उरकून टाकू. फोटो, गाणी कार्डवर असतील तर कार्ड काढून रीडरमध्ये घाला, विषय संपला. जुन्या नोकियातले नंबर आणि मेसेज हवे असतील तर गॅमू हा प्रोग्रॅम आहे. फक्त आपलं मॉडेल त्याच्या यादीत आहे का ते बघून घ्या. अँड्रॉइड २.३ चा सेट अजून जिवंत असेल तर तो पेनड्राइव्ह म्हणून सरळ उघडतो.

अडचण त्याच्या पुढच्या फोनची. पेनड्राइव्हच्या पद्धतीत कॉम्प्युटर वाचत असेपर्यंत फोनला स्वतःची मेमरी सोडून द्यावी लागायची. म्हणून अँड्रॉइड ४ च्या सुमारास एमटीपी आलं आणि एकेक फाइल मागून घ्यायची पद्धत सुरू झाली. मिंट, उबुंटू या लिनक्सवर त्यासाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. केबल लावा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा, झालं. दहा-वीस फोटो किंवा एखादी पीडीएफ काढायची असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

पण आमच्या घरच्या फोनमध्ये २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या व्हीनस कॉर्नरला पाणी आलं तेव्हापासूनचे फोटो, जोतिबाची यात्रा, चुलतभावाचं लग्न, सगळं एकाच कॅमेरा फोल्डरात. ते फोल्डर उघडलं की गोल चक्र फिरायला लागतं. फाइल मॅनेजर प्रत्येक फाइलचं नाव, आकार, तारीख फोनला विचारत बसतो, जुना प्रोसेसर जमेल तसं उत्तर देतो. रंकाळ्याला एक फेरी मारून यावी, तरी चक्र तिथंच. कधी फोल्डर रिकामंच दिसतं. कॉपी सुरू झालीच तर मध्येच अडकते, आणि कुठले फोटो आले, कुठले राहिले, याचा पत्ता लागत नाही. आलेल्यांवरही आजची तारीख. मला खरं तर वेगाचं एवढं काही नव्हतं. हे अर्धवट राहणं सोसेना.

केडीई कनेक्ट, म्हणजे फोन आणि कॉम्प्युटर वायफायवरून जोडणारं अ‍ॅप, मला आवडतं, रोज वापरतो. फोनचे मेसेज स्क्रीनवर दिसतात, इकडं कॉपी केलेलं तिकडं पेस्ट होतं. ग्नोम हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना त्याच कामासाठी जीएसकनेक्ट आहे. फायरवॉल चालू असेल तर १७१४ ते १७६४ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कची दारं, उघडावे लागतात. दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर हवीत, आणि उद्यमनगरातल्या मित्राच्या वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरला नेटवर्कच नाही. शिवाय जुन्या फोनचं वायफाय मोठ्या ढिगाऱ्यापुढं दमतं, असा माझा तरी अनुभव आहे.

राहिलं एडीबी, म्हणजे आदेश टाइप करून केबलवरून फोनशी बोलायचं साधन. टर्मिनलची काळी खिडकी बघून बरेच जण मागं सरतात, ते समजू शकतो. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, यूएसबी डिबगिंग चालू करायचं, फोनवर परवानगी द्यायची. डिस्प्ले गेलेला असेल तर घोडं इथंच अडतं. पण एकदा जोडणी झाली की अख्खं फोल्डर एका 'पुल' (adb pull) आदेशात येतं. '-a' हा पर्याय जोडला तर मूळ तारखाही टिकतात. चित्रं दाखवायची भानगड नसल्यामुळं फोल्डर कितीही मोठं असो, माझ्याकडं ते अडकलेलं नाही. शेवटी किती फाइली आल्या तेही सांगतं. तुटलं तर मात्र पहिल्यापासून, म्हणून एकेक फोल्डर वेगळं ओढावं आणि केबल डेटावाली घ्यावी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन दिसणारच नाही.

फोनचं सॉकेटच ढिलं झालं असेल आणि घरचं वायफाय बरं असेल, तर केडीई कनेक्टनंच थोडं थोडं काढा. नाहीतर मी तरी एडीबीच सुचवेन. काम झालं की डिबगिंग बंद करा, विशेषतः फोन पुढं कुणाला द्यायचा असेल तर.