दोघांनी एकच बोर्ड करायचा तर फिग्मा हे ऑनलाइन डिझाइनचं सॉफ्टवेअर कसं आहे?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एका बोर्डाला दोन हात लागतातच. भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड, तेही वरच्या भागात, लागतं. मग कन्नड ओळी एक जण लावतो, मराठी दुसरा. फाइल व्हॉट्सॲपवर फिरली की ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असे ढीग साचतात आणि छापायला नेमकी जुनी जाते. या दुखण्यावर फिग्मा फार चांगलं आहे, पण त्याचा स्वभाव आधी समजून घ्या.

फिग्मात चौकट, लोगो, अक्षरांची ओळ या प्रत्येकाचा रंग, जागा, रुंदी वेगवेगळी नोंदली जाते. एकाने चौकट सरकवली आणि त्याच क्षणी दुसऱ्याने तिचा रंग बदलला, तर दोन्ही बदल टिकतात. दोघांनी रंगच बदलला, तर सर्व्हरवर नंतर पोचलेला राहतो.

खरी गोची मजकुराची. एका टेक्स्ट लेयरमधला (अक्षरांच्या एका सुट्या थरातला) सगळा मजकूर ही एकच नोंद. गूगल डॉक्स दोघांचं टायपिंग अक्षरागणिक जुळवून घेतं, फिग्मा घेत नाही. फिग्माच्या अभियंत्यांनी २०१९ मध्येच हे लिहून ठेवलंय: मूळ ‘ब’चं एकाने ‘अब’ केलं, दुसऱ्याने ‘बक’, तर ‘अबक’ कधीच होणार नाही. म्हणून दुकानाचं नाव, पत्ता, फोन वेगवेगळ्या लेयरवर ठेवा. लग्नपत्रिकेत तर निमंत्रकांची प्रत्येक ओळ सुटी हवी, नाहीतर एकाने दुरुस्त केलेलं आडनाव दुसऱ्याच्या वेलांटीपायी जातं.

लाइट किंवा नेट गेल्यावर जास्त जपायचं. नेट आलं की फिग्मा ताजी फाइल उतरवतं आणि तुटलेल्या काळातले तुमचे बदल तिच्यावर चढवतं. म्हणजे तासापूर्वीचा तुमचा रंग सहकाऱ्याने आत्ता दिलेल्या रंगावर बसू शकतो. नेट नसताना दुसऱ्याच्या भागाला हात लावू नका. प्रूफ मंजूर झालं की कंट्रोल-ऑल्ट-एस दाबून आवृत्तीला नाव द्या. फुकटच्या प्लॅनमध्ये मागच्या ३० दिवसांच्याच आवृत्त्या दिसतात.

फॉन्ट दोघांकडे सारखे हवेत. एकाच्याच कॉम्प्युटरवरचा फॉन्ट वापरला, तर दुसऱ्याला तो बदलल्याशिवाय मजकूर दुरुस्त करता येत नाही. मुक्ता आणि नोटो सान्स कन्नड हे गूगलचे फॉन्ट घेतले की प्रश्न मिटतो.

फिग्मात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत, नाही, ही छपाईवाल्यांसाठी मोठी उणीव. पीडीएफ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि भडक केशरी, हिरवे रंग तिथे मंदावतात. फ्लेक्सचा वीतभर तुकडा आधी छापून बघा.