थर ओळखायचा कशावरून: दगडावरून की जीवाश्मावरून?

यवतमाळकडच्या आमच्या वावरात बोअर मारली तेव्हा आधी काळी माती, मग मुरूम, मग काळ्या पाषाणाचा राखाडी भुगा वर आला. बोअरवाला भुगा चिमटीत चोळूनच थर सांगायचा. समुद्रतळाखाली तेल शोधतानाही एक पद्धत हीच: दगडाचा रंग, पोत, घटक. काम झटपट होतं. पण वेगवेगळ्या काळातली चुनखडी सारखीच दिसू शकते, तिथे फसगत होते.

दुसरी पद्धत फोरामिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या चिमुकल्या एकपेशी जीवांच्या जीवाश्मांची. वाळूच्या कणाएवढी त्यांची कवचं सूक्ष्मदर्शकाखाली ओळखली की थराचा काळ कळतो. वेळखाऊ आहे, तरी वय ठरवायला मला हीच भरवशाची वाटते. १९७४ साली सापडलेल्या, अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राचं तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या (साधारण सव्वादोन कोटी ते अर्धा कोटी वर्षांपूर्वीच्या) चुनखडीत आहे. त्या समुद्रात आणखी खाली आपल्याच दख्खनचा काळा पाषाण लागतो. लाव्ह्यात कवचं कुठून मिळणार? तिथे पुन्हा दगडच चोळून पाहायचा.