शेअर टिप्सची सर्व्हिस: दोनच स्टार

मी आणि काकांनी वडोदऱ्यातल्याच एका ॲडव्हायझरची सर्व्हिस तीन महिने घेतली. एका छोट्या लिस्टेड सोशल नेटवर्किंग कंपनीचा शेअर घ्या घ्या म्हणून रोज मेसेज, युजर लाखांनी वाढतायत म्हणे, पण काकांनी दांडिया बाजारच्या घरी झोपाळ्यावर बसून बीएसईच्या साइटवरचा फुकट मिळणारा ॲन्युअल रिपोर्ट चाळला आणि पेन्सिलने खूण केली, प्रॉफिट दिसतोय पण ऑपरेटिंग कॅश फ्लो (धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड) मायनसमध्ये, म्हणजे विक्री लिहिलीय पण पैसे अजून आलेलेच नाहीत, गिऱ्हाइकांकडची उधारी वाढत चाललीय. रोज किती युजर ॲप उघडतात हेही कुठेच नाही! ॲडव्हायझरला विचारलं तर गप्प. असे शेअर सुचवणाऱ्या रिसर्च ॲनालिस्टला सेबीचा आयएनएच नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, लागतोच, तोही दिला नाही. मेसेज मात्र वेळेवर यायचे, म्हणून दोन स्टार. फी परत मागितलीय, अजून आली नाही.